एकोणसाठ किलोंची एस्तेर

१४ एप्रिल २०२०
वही, कालचं विसरलीस ना? शंभर पानं पोटात, आठवण काडीची नाही! मी निरक्षर, पण मला सगळं पाठ. लिहितेय माझी सून, जयंती. जयंते, बोलते तस्संच लिही गं.

हॉलंडात, हूफडॉर्पला मुलाकडे – हरीशकडे – तीन महिन्यांसाठी आले, तर विमानंच बंद! पण करमणूक आहे. शेजारच्या परसात एस्तेर – हंगेरीची, सतरा वर्षं होडीच्या शर्यती खेळतेय. क्लब बंद, म्हणून यंत्रावर बसून वल्ही ओढते. ना पाणी, ना होडी – घाम मात्र धो धो!

२ मे
पोर हाडकुळी. कुंपणावरून डबाभर डिंकाचे लाडू दिले. आज माझा डबा परत आला, सोबत तिच्या डब्यात खसखशीचा केक! नातीनं, गुंजननं, तिला शिकवलं – आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत. मग तिचा डबा मी तरी रिकामा कसा धाडू?

२० ऑगस्ट
डबे जातायत, येतायत. एस्तेर भरली छान!

५ सप्टेंबर
घात झाला! गुंजन किंचाळली, "आजी, ती लाइटवेट आहे! मॅक्सिमम फिफ्टीनाइन!" म्हणजे एकोणसाठ किलोंच्या वर होडीत बसूच देत नाहीत. हिचे झालेत साडेबासष्ट. महिन्यावर शर्यत – त्यावरच ठरणार, पुढच्या वर्षी टोकियो ऑलिंपिकच्या संघात घ्यायचं की नाही.

"अगं, बोलली का नाहीस?"

एस्तेर हसली. "आजी, डब्याचा नियम होता ना."

जन्मात पहिल्यांदा कुणाचा डबा रिकामा पाठवला.

३ ऑक्टोबर
अठ्ठावन्न किलो, नऊशे ग्रॅम! घरभर टाळ्या. मग लॅपटॉपवर शर्यत. "ओढ गं बाई, ओढ!"
हरीश म्हणाला, "आई, तिला ऐकू जात नाही."
"तू गप!"
निम्म्यापर्यंत पुढे होती. मग हातच गळाले – महिनाभर उपाशी पोर! शेवटून दुसरी. संघात घेतलं वेगळ्याच पोरीला. जयंती, आज एवढंच.

५ ऑक्टोबर
एस्तेर कुंपणाशी, नाचत! कोचने यंत्रावरचे आकडे काढले. तिचा जन्मातला सगळ्यात भारी वेग कधीचा? ऑगस्टअखेरचा – साडेबासष्ट किलोंचा! म्हणाला, हलका गट सोड, जड गटात ये. तिथे काटाच नाही. टोकियोची आणखी एक निवड आहे उन्हाळ्याआधी. तोवर आठ किलो वाढव म्हणे!

जयंती, पेन ठेव, पुरण शिजत घाल. चार पोळ्या पाठव तिला – वर तूप, आणि दुधाची वाटी वेगळी.