मला फक्त बघायला बसवलं होतं

चि. दैवशालाबाईस जालन्याहून कडूबादादाचे पोटभर आशीर्वाद.

रामराव दाजींचा गुडघा काय म्हणतो? तुझी शुगर? तुझ्या सासूबाई उषाबाईंचा खोकला गेला, की खोकल्यानंच हात टेकले? तुझ्या पप्पूची मान मोबाइलवरून वर आली का? माझं विचारशील तर बिलकुल ठणठणीत. आनंदाच्या भरात तीन दिवस कारलंही गोड लागून राह्यलं.

तुला ठाऊकच आहे, मी तुरुंगाच्या बागेत कैद्यांना रोपं करायला शिकवतो. (एमआयडीसीत तीस वर्षं बियाणं पाकिटात भरलं, मातीत कधी टाकलं नाही, हे तिथं कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.) तिथं भुजंग नावाचा कैदी आहे, मारामारीत आत आलेला. त्याच्या स्वभावालाच आजार आहे असं डॉक्टर म्हणतात: कुणावर भरवसा नाही, शब्द लागला की थाळी भिरकावतो. शेजारच्या वाफ्यावरच्या म्हाताऱ्या पाशामियाँशी तर सहा महिने अबोला. त्याला बागेत ठेवायचं की परत कुलपात, हे सोमवारी ठरणार होतं, तेही एका फॉर्मवर. काम आपणहून सुरू करतो का, मन लागतं का, जबाबदारी घेतो का, दुसऱ्याशी जमवतो का, असे रकाने. कैद्यांचं समुपदेशन बघणाऱ्या आकांक्षा मॅडमनी तो माझ्या हाती दिला आणि बजावलं, "काका, फक्त बघायचं. हात लावायचा नाही."

आता तूच सांग, समोर माणूस राबतोय आणि आपण खुर्चीत बसून त्याला मार्क द्यायचे? (आपण लग्नाला गेलो तरी पंगतीत वाढायला उठणारी माणसं!) मी हळूच त्याचे निम्मे ट्रे मातीनं भरले आणि त्याला पैकीच्या पैकी दिले. मॅडमनी माझ्या कोपरापर्यंतची माती पाहिली आणि फॉर्म फाडला. "काका, हे तर तुमचे मार्क झाले!" रविवारी बाग बंद, म्हणजे उरला एकच दिवस, शनिवार.

शनिवारी मॅडम स्वतः वही घेऊन बसल्या. दहापर्यंत मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मग मॅडमना फोन आला, भुजंग पाण्याला गेला, आणि मी चार ट्रेमध्ये (चार, बाई!) मिरचीचं बी सपासप खोचलं, प्रत्येक बी बोटाच्या पेराएवढं खोल. भुजंग आला, त्यानं पाहिलं आणि लालबुंद झाला. मॅडमही फोन ठेवून बघू लागल्या. म्हटलं, संपलं! माझ्यापायी गडी कुलपात चालला.

"ओ काका! पेरून राह्यले का पुरून? मिरचीचं बी हाय, मढं न्हाई! सरका, बिलकुल हात लावू नका!"

पण ट्रे भिरकावला नाही. चारही उलटे केले, माती नव्यानं भरली, एकेक बी वरच्यावर ठेवून चिमूटभर माती टाकली. मधेच ओरडला, "चाचा, झारी आणा ना जरा!" पाशामियाँ पळतच आले, "छे महिने बाद मुँह खोला, वो भी पानी के वास्ते!" मॅडमचा पेन थांबेना. आणि सोमवारी निकाल लागला: भुजंग बागेतच! मी गल्लीभर पेढे वाटले.

तुझा,
कडूबादादा

ता. क. निकालाच्या कागदावर शेवटची ओळ माझ्याबद्दल आहे: कडूबा काकांना बियाण्यापासून लांब बसवावे.

दुसरा ता. क. खरं काम हे. भुजंग संक्रांतीला सुटतोय, आणि केदारखेड्याच्या तुमच्या रोपवाटिकेला माणूस मिळत नाही असं ऐकलं. त्याला घ्या. लपवत नाही, आधीचा मालक कोवळ्या वाफ्यातून चपला घालून चालला, म्हणून यानं त्याला फावड्याच्या दांड्यानं झोडपलं. मालकाचं त्याला वाईट वाटतं, रोपांचं जरा जास्त. दाजींना एवढंच सांग, बांधावरून चालायचं. बाकी गडी बराबर आहे. दोघांनी ठरवा आणि जल्दी उत्तर लिही, मी त्याला सांगून बसलोय.