तिन्ही निविदांवरचं अक्षर

बाबा, परवा कॉलेजात एका पोरीचा शोधनिबंध तपासायला घेतला आणि त्यात तुम्ही सापडलात. राग वगैरे काही नाही आता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे सांगायला दुसरं कोणी सुचत नाही.

मी काय शिकवते ते तुम्हाला शेवटपर्यंत नीट कळलं नव्हतं. "स्पर्धा कायदा म्हंजे कबड्डीचा का वो?" असं पाहुण्यांसमोर विचारायचात आणि स्वतःच हसायचात. व्यापाऱ्यांनी आपसात भाव ठरवून लोकांना नागवू नये, त्यासाठीचा कायदा, एवढंच. दरवर्षी मुलं त्यावर निबंध लिहितात आणि कॉलेजच्या अंकासाठी मी ते निवडते. सगळे तेच ते. मोबाइलवरची दुकानं, परदेशी कंपन्या, कायद्यातली नवी दुरुस्ती, इकडून तिकडून उचललेल्या तळटीपा. वाचून वाचून जीव विटला. ह्या पोरीनं मात्र तेंदूपत्ता, विडीची पानं, हा विषय घेतला. आपल्याच कुरखेड्याकडची आहे, तिची आई अजून पानं तोडायला जाते. पानांचा लिलाव ग्रामसभांच्या हाती नवानवा आला, तेव्हाचे कागद तिनं ग्रामसभेच्या जुन्या पेटीतून शोधून आणले. तीन ठेकेदारांच्या तीन निविदा माझ्या टेबलावर मांडल्या आणि म्हणाली, "मॅडम, ठेकेदार तीन, पण लिहिणारा एकच दिसून राह्यला. पाहा नं तुम्ही."

मी पाहिलं. ओळ संपता संपता वर चढत जाणारं ते अक्षर मी लहानपणापासून माझ्या वह्यांच्या कव्हरांवर बघत आलेय. मी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. पोरगी वाट बघत उभी होती.

त्या वर्षीचा उन्हाळा डोळ्यांपुढे आला. प्रबंध लिहायला म्हणून सुट्टी काढून मी घरी आलेली. अंगणात आई मोहफुलं वाळत घालतेय. तुम्ही स्वयंपाकघरात बसलात, तिथं कागद उडत नाहीत म्हणून. तुम्ही गावोगावची पानं जमतात त्या फळीवरचे दिवाणजी, पानांचे पुडे मोजून घ्यायचं तुमचं काम, पण अक्षर चांगलं म्हणून ज्याला त्याला अर्ज लिहून द्यायचात तुम्हीच. समोर तीन पेनं. एक निविदा निळ्या शाईत, दुसरी काळ्या, तिसरीला हात जरासा तिरपा धरून. मी विचारते, "बाबा, तिघांचेही भाव तुमीच लिहून राह्यले?" तुम्ही मान वर न करता सांगता, "त्यात का आहे? समदे काल मिळून बसले. कोन कोन्तं गाव घेते ते ठरलं. भांडन नाई, तंटा नाई." मी म्हणते, हे कायद्यात बसत नाही. तेव्हा कुठं तुम्ही पेन खाली ठेवता. "जास्त शिकली म्हून बापाले शिकवतं का? ते पुस्तकं तिकडं ठेव." मी ठेवली. आणि शाई वाळेपर्यंत ते कागद मीच एकेक करून धरून बसले. त्या हंगामात आईनंही त्याच पाडलेल्या भावात पानं विकली.

पुढं माझा प्रबंध पूर्ण झाला. त्यात मी लिहिलं, वनोपजाच्या लिलावांत संगनमताचा पुरावा आढळत नाही. तुम्ही त्याला सोनेरी अक्षरांची बांधणी करून आणलीत आणि तो दहा घरी नेऊन दाखवलात. ते वाक्य ह्या पोरीनं हुडकून काढलंय. "मॅडम, तुमचंच वाक्य खोडावं लागून राह्यलं, राग नका मानू," म्हणाली. नव्या दुरुस्तीनंतर स्वतः बोली न लावणारा, नुसता जुळवून देणाराही त्या संगनमतात धरला जातो, हेही तिनं छान मांडलंय. माझ्याहून छान. शेवटी म्हणाली, "हे लिहिणारा कोन, तेवढं सापडलं की झालं."

मी सांगितलं, नुसत्या अक्षरावरून काही सिद्ध होत नाही, तज्ज्ञाचा दाखला नाही, तो सगळा भाग काढून टाक. तिनं "बरं मॅडम" म्हणून कागद गोळा केले. आज तिचा सुधारलेला निबंध आला. निविदा गेल्या. आता माझं वाक्य त्यात आधार म्हणून बसलंय, आणि आभारात माझं नाव सगळ्यात वर आहे.

दोन दिवस मी मनाची समजूत घालतेय, की बापाची अब्रू राखली. खोटं आहे ते. तुम्हाला कोण विचारायला येणार होतं? मला माझं वाक्य वाचवायचं होतं, आणि त्यापायी त्या पोरीनं पेटीतून काढलेलं खरं मी तिच्याच हातानं खोडायला लावलं. अंक सोमवारी छापायला जातो. तोवर तिला फोन करून एवढंच सांगायचंय, की ते अक्षर माझ्या वडिलांचं आहे, घाल तुझ्या निविदा परत. सकाळपासून फोन हातात घेते आणि ठेवते. मग हे लिहायला बसले, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाही.