सुनंदाला दिलेलं पुस्तक

सोनपेठ, रविवार, संध्याकाळ

सुटले एकदाची! पंधरा दिवस त्या पेन्सिलीच्या रेघांनी जीव खाल्ला. वजन कमी करायचं ते पुस्तक वाचताना मला लागलेल्या वाक्यांखाली मीच रेघा ओढल्या होत्या आणि न खोडता तसंच सुनंदाला दिलं. माझ्याहून जाड सुनंदाला! 'तुम्ही आजारी नाही, खादाड आहात,' याखाली तर दोन रेघा. तेव्हापासून तिचा फोन नाही. अक्कल कुठं गेली होती माझी?

आज वाचनालयात आम्हा बायकांची चर्चा त्याच पुस्तकावर. नर्स मंगल म्हणाली, असं तोंडावर सांगणारं कुणीतरी पाहिजेच होतं. गोदाकाकू तडकल्या, "दूध, दही, तूप समदंच बंद? दारातल्या दोन म्हशींचं काय करू? वरून ही पुस्तक लिहिणारी बाई आमालाच शिव्या द्यायलीय!" निम्म्या इकडं, निम्म्या तिकडं. मी मात्र सुनंदाकडं बघतच नव्हते.

निघताना तिनंच पुस्तक हातात ठेवलं. "आधी लय राग आला गं. मग 'नवऱ्याच्या ताटातलं उरलेलं संपवता' याखालची रेघ बघितली. माझा नवरा ताटात काही ठेवतो का? तवा कळलं, तू स्वतःलाच बोलायलीस."

किती हसलो दोघी!

घरी येऊन उघडलं. 'दुधाचा चहा आजच सोडा' या ओळीखाली तिची लाल रेघ. त्यावरच कपाचा गोल डाग. शेजारी बारीक अक्षरात, 'उद्या चहाला येते. दुधात पाणी घालू नको.'