रविवारची विजार

एल्म फोर्क, नेब्रास्का
बुधवार, १० जून १९१४

प्रिय अडेला,

तुझं पत्र काल मिळालं. रँचवर सगळे बरे आहेत आणि तुझा मुरगळलेला पाय आता जमिनीवर टेकतो, हे वाचून बरं वाटलं. माझा खोकला गेला. कोंबड्या पुन्हा अंडी द्यायला लागल्या आहेत. रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा करून ठेवलाय. यंदा त्यात साखर जरा जास्त पडली, पण या गावात सध्या सगळ्यातच साखर जास्त पडते आहे, तेव्हा तोही खपून जाईल.

लायल शुक्रवारच्या गाडीने निघाला, तो सुखरूप पोचला असेलच. शाळा संपल्याच्या समारंभाला तुला येता आलं नाही म्हणून हळहळू नकोस. तुझ्या मुलाचं भाषण झालं. विषय होता ‘उद्याचा प्रामाणिक नागरिक’. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हातमोजे घातले होते, त्यामुळे माझ्या टाळ्यांचा आवाज आला नाही.

सप्टेंबरपासून धाकट्या मर्विनलाही शाळेसाठी माझ्याकडेच ठेवायचं म्हणतेस. त्याचं शेवटी लिहिते.

शाळेचा वार्षिक अंक वाचून तुला रडू आलं म्हणतेस. ‘आपल्या लायलने एकेका सोबत्याचं किती मायेने शब्दचित्र काढलंय, गस्टी!’ असं लिहिलंयस. मलाही वाचताना पाणी आलं, पण ते तोंडात, ओकारीच्या आधी येतं ते.

अगं, सगळ्या वर्गाचे फोटो, प्रत्येकाखाली दोन ओळींची कविता आणि त्याखाली तुझ्या संपादक चिरंजिवांची माया! इमोजेन प्रेस्कॉट म्हणे हसली की वर्गात ऊन पडतं. ती मुलगी हसताना मी एकदाच पाहिली आहे, आमच्या गल्लीतल्या बहिऱ्या म्हाताऱ्या गॅफनीची टोपी वाऱ्याने चिखलात पडली तेव्हा. ओटिस म्हणे ‘देहाने मोठा, मनाने त्याहून मोठा’. हा ओटिस खालच्या वर्गातल्या पोरांचे डबे उघडून गोड खाऊ फस्त करतो, मग त्याचा देह मोठा नाही होणार तर काय? मुख्याध्यापक थर्लोंबद्दल ‘आमचे वडीलच’ असं लिहिलंय, आणि या मुलांनी गेल्याच हिवाळ्यात वडिलांच्या खुर्चीला डांबर फासलं होतं. सगळी अशीच! पानापानांवर मध नुसता ओघळतोय. मी अंक मिटला आणि हात धुतले. खरंच धुतले.

आणि तरीही मी म्हटलं असतं, असू दे, पोरांचा खेळ आहे. अठराव्या वर्षी माणसं एकमेकांना खोटं गोड बोलतात, पुढे खरं कडू बोलायचंच असतं. पण हुल्डाचं पान आहे ना.

हुल्डा तुला आठवणार नाही. नाताळात आली होतीस तेव्हा तिनेच तुला वाढलं होतं आणि तू तिला दोनदा ‘हिल्डा’ म्हणालीस. ब्रांडव्होलांची थोरली मुलगी. त्यांचं शेत पार डोंगराकडे, तिथून रोज शाळेत येणं शक्य नाही, म्हणून चार वर्षं माझ्याकडे राहिली. तुझा लायल राहिला तशी नव्हे. लायल पाहुणा होता. ही राहण्याजेवणाच्या बदल्यात घर सांभाळत होती. पहाटे चूल पेटवायची, मग शाळा, मग माझ्या फरशा, इस्त्री आणि रात्री स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली लॅटिन. बोलणं कमी. राग आला की पाव जास्त मळते, त्यामुळे तिच्या रागाचे दिवस आम्हाला फार चांगले जात. हे सगळं कशासाठी, तर तिला शिक्षिका व्हायचं होतं. परीक्षा पास झाली आणि विलो क्रीकच्या एका खोलीच्या शाळेने मार्चमध्ये तिला सप्टेंबरपासून ठरवूनही टाकली. त्या संध्याकाळी ती अंगणात गेली आणि एकटीच हसली. मी खिडकीतून पाहिलं. कसलं ऊन पडलं नाही, पण मला फार बरं वाटलं.

आता तिच्या पानावर तुझ्या मुलाने काय लिहिलंय ते इथे उतरवते. तू वाचलंच आहेस, पण पुन्हा वाच.

‘हुल्डा ब्रांडव्होल. शांत, सालस, सोनेरी वेण्यांची. हिच्या हातचा पाव ज्याने खाल्ला तो हिचाच झाला. पण गडे हो, रविवारी सगळं गाव प्रार्थनेला गेलेलं असताना हिच्या खिडकीतून कोणाची विजार बाहेर पडते, ते हिलाच विचारा!’

अंक मे महिन्यात निघाला. आठवडाभर गाव हसलं. मग गावातल्या बायका हसायच्या थांबल्या आणि विचारायला लागल्या. रविवारी आम्ही सगळे चर्चला जातो आणि हुल्डा दुपारच्या जेवणासाठी घरी थांबते, हे सगळ्यांना माहीत. शिवणाच्या मंडळात ती मिसेस प्रेस्कॉट माझ्याजवळ सरकून म्हणाली, “गस्टी, तुझ्याच घरात ग? तुला वास कसा आला नाही?” आणि असं म्हणताना तिचे डोळे इतके चमकत होते! पुढच्या आठवड्यात विलो क्रीकहून निरोप आला. शाळेच्या तिघा कारभाऱ्यांनी विचार बदलला. कारण दिलं नव्हतं. कारण सगळ्यांना तोंडपाठ होतं.

मी हुल्डाला विचारलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, “वाईट काही नव्हतं, बाई.”

“मग विजार कोणाची?”

“ते मी सांगायचं नाही. शब्द दिलाय.”

आणि त्या दिवशी तिने तीन पाव मळले.

शोध मलाच लागला. लाकडांच्या खोपटात, ढिगाच्या मागे, गोळा करून खोचलेली करडी विजार सापडली. माझ्या एझ्राची. तो गेल्यावर, विधवेच्या काटकसरीने, मीच ती कापून लायलच्या मापाची केली होती आणि गुडघ्याला माझ्या जुन्या हिरव्या पडद्याचं ठिगळ लावलं होतं. तुझ्या मुलाने मला सांगितलं होतं की ती नदीत वाहून गेली. विजार धुतलेली होती आणि ठिगळाला कडेने नवे टाके होते, हुल्डाच्या हातचे. मी ती जेवणाच्या टेबलावर ठेवली, लायलच्या ताटाशेजारी.

लायलने हातातला घास खाली ठेवला. “कुठे मिळाली, मावशी?”

“बायबलच्या वर्गाला हीच घालून जात होतास का रे?”

मग सगळं बाहेर आलं. साहेब दर रविवारी माझ्यासोबत चर्चच्या दारापर्यंत यायचे, मुलांच्या वर्गाला जातो म्हणून मागच्या बाजूने सटकायचे आणि थेट ओढ्यापलीकडे, रेल्वेवाल्यांच्या संघातून बेसबॉल खेळायला! प्रार्थनेच्या वेळी, देवाच्या दिवशी! वाटेत घरी येऊन खोपटात कपडे बदलायचे, आणि चिखलाच्या बुटांनी आत यायला नको म्हणून हुल्डा खिडकीतून विजार बाहेर द्यायची. सोमवारी मी पाहायच्या आत ती धुऊनही ठेवायची. इतकंच. एवढाच तो पापाचा डोंगर.

“मग तसं लिहिलंस कशाला?” मी विचारलं.

“गंमत होती, मावशी! सगळ्यांवर एकेक ओळ होती. तिच्यावर काहीच नसतं तर तिला वाईट वाटलं असतं. मला हुल्डा आवडते, खरंच. मी प्रेमानेच लिहिलं.”

प्रेमानेच!

“बरं,” मी म्हटलं, “मग तितक्याच प्रेमाने उद्या विलो क्रीकला जा आणि शाळेच्या त्या कारभाऱ्याला, क्विगला, सांग की विजार तुझी.”

त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, “आईला कळवलं मी. आई म्हणते, गप्प बस. रविवारच्या खेळाचं पाद्रीसाहेबांना कळलं तर ते शिफारस मागे घेतील आणि माझी कॉलेजातली जागा जाईल. आई म्हणते, शेतावरच्या मुलीला कुठेही काम मिळतं.”

तेव्हा तुला सगळं माहीत होतं, अडेला. कालच्या पत्रात ‘किती मायेने लिहिलंय’ म्हणून रडलीस ना, तेव्हाही ते तुला माहीत होतं. ते वाक्य मी तीनदा वाचलं. मुलाचा भित्रेपणा मी सहन केला असता. त्याला अठरा वर्षांत कोणी घाबरणं सोडून दुसरं काही शिकवलंच नाही. तुझी मात्र मला किळस आली. आपण दोघी एका आईच्या हाताखाली वाढलो. अंगणातलं भांडं कोणी फोडलं ते कळेपर्यंत आई आपल्याला टेबलाशी बसू द्यायची नाही, आणि तू माझ्याआधी कबूल करायचीस. ती अडेला कुठे गेली?

समारंभाच्या दिवसापर्यंत मी थांबले. त्याला वाव दिला. प्रामाणिक नागरिकावर भाषण ठोकायला उभा राहिला तेव्हा मला वाटलं, आता बोलेल. तो नागरिकावरच बोलला. शुक्रवारी तो गेला. शनिवारी मी घोडागाडी जुंपली, ती विजार कागदात गुंडाळली आणि विलो क्रीक गाठलं. तुझ्या मुलाची कॉलेजातली जागा माझ्या हाताने जाणार हे जाणून गेले. माझा भाचा आहे तो.

क्विग हा तिघा कारभाऱ्यांतला थोरला. अंगणात चाकाला वंगण लावत होता, बायको पायरीवर वाटाणे सोलत होती. मी विजार पसरली आणि सगळं सांगितलं. तो असा हसत सुटला की त्याला चाकाला धरावं लागलं.

“म्हणजे तो डावखुरा पोरगा तुमचा भाचा? काय टोलवतो हो! ईस्टरनंतरच्या रविवारी त्याने चेंडू थेट पाण्याच्या टाकीपलीकडे घातला!”

“तुम्ही पाहिलात?” मी म्हटलं. “रविवारी?”

बायकोचे वाटाणे थांबले. क्विग खाकरला. “वाटेवरून जाता जाता दिसतं, बाई.”

“मग पाद्रीसाहेबांना सांगणार?”

“छे! कशाला? पोरंच ती. त्यांनाही सांगितलं तरी ते हसतील.”

आणि पाद्री हसलेच. येताना मी त्यांच्याकडे गेले, विजारीसकट. “तरुण रक्त आहे, मिसेस व्हिटकॉम्ब,” म्हणाले. “कॉलेजच्या संघालाही खेळाडू लागतात.” शिफारस आहे तशीच आहे. तेव्हा निर्धास्त राहा. जे वाचवायला तू त्याला गप्प बसवलंस, त्याला कधी धक्का लागणारच नव्हता.

पण क्विगचं राहिलं. मी विचारलं, “मग हुल्डाला शाळा परत देणार ना?”

त्याने वंगणाचा हात पुसला. म्हणाला, “आता कसं, बाई? मुलगी सरळ असेल, मी नाही म्हणत नाही. पण तिचं नाव तोंडातोंडी झालंय. मुलांचे आईबाप विजारच आठवणार. आधी कोणी येऊन बोललं असतं तर निराळं. आता आम्ही दुसरी ठरवलीय.”

आधी कोणी येऊन बोललं असतं तर! मी गाडीत बसले आणि घोड्याला उगाचच चाबूक मारला, त्याची मी नंतर माफी मागितली.

सोमवारी हुल्डा कपडे धूत होती. मी तिला क्विगचं बोलणं सांगितलं. तिने विजार पिळली, झटकली, दोरीवर घातली. म्हणाली, “काकाकडे मळणीच्या माणसांचा स्वयंपाक करायला बाई हवी आहे. शनिवारी निघते.” मग चिमटे लावता लावता म्हणाली, “एक वाईट वाटतं. अंक आला त्याच शनिवारी मी तो घरी नेऊन दिला. आईने माझं पान उघडून घड्याळाशेजारी ठेवलंय. येईल त्याला दाखवते.”

तिच्या आईला नॉर्वेची भाषा सोडून दुसरी वाचता येत नाही. मी विचारलं, “तू वाचून दाखवलंस तिला?”

“हो. आमच्या भाषेत करून.”

“ती ओळ पण?”

“नाही. तिथे मी मनानेच सांगितलं.”

“काय सांगितलंस?”

ती लाजली. चार वर्षांत पहिल्यांदा लाजताना पाहिली. म्हणाली, “सांगितलं की, ‘हुल्डा कमी बोलते पण दिलेला शब्द पाळते. लहान मुलांना हिच्याजवळ भीती वाटणार नाही. आम्हाला हिची आठवण येईल.’”

अडेला, त्या अख्ख्या अंकात खरं शब्दचित्र तेवढं एकच आहे आणि ते छापलेलं नाही. काढावं लागलं तेही तिचं तिलाच.

मी तिला शनिवारी जाऊ देणार नाही. पलीकडच्या तालुक्याच्या शाळाखात्यात एझ्राचा मित्र आहे, त्याला लिहिलंय, आणि उत्तर येईपर्यंत, वर्ष लागलं तरी, ती इथेच राहील. स्वयंपाकघरामागच्या खोलीत नव्हे, वरच्या पुढच्या खोलीत, लायल राहायचा तिथे. पलंगपोस बदलला आहे. म्हणजे मर्विनबद्दल काय ते तुला कळलं असेल.

विजार या पत्रासोबत पाठवते आहे. स्वच्छ धुतलेली आहे, इस्त्रीही हुल्डाने केली आहे. माप मर्विनला येईल.

पाय जप.

मुरंबा यंदा पाठवत नाही.

तुझीच, कारण तो नाइलाज आहे,
ऑगस्टा