आत्याचं गोड पाणी

तीर्थस्वरूप आत्यास,

भिंगरीचा वाकून नमस्कार (वाकूनच, लॅबच्या स्टुलावर बसून बसून पाठ तशीही सरळ होत नाही). तब्येत कशी आहे? पोटात दुखायचं थांबलं का? हातांना अजून मुंग्या येतात का? "वय झालं" हेच उत्तर येणार, तरी विचारते. इकडे सगळे मजेत, म्हणजे आई माझ्यावर वैतागलेली, तुझा भाऊ वर्तमानपत्रात बुडालेला आणि आमचे सर माझ्याशी बोलेनासे झालेले.

त्याचं असं झालं. मी काय काम करते, तर "ती साखर जाळते" असं तू सगळ्यांना सांगतेस, ते फारसं चूक नाही. लिंबाचा रस आणि साखर घट्ट झाकणाच्या भांड्यात घालून भट्टीत तापवली, की फिक्या चहासारखं पाणी उरतं. त्यात कोळशाचे डोळ्यांना न दिसणारे कण असतात आणि जांभळ्या दिव्याखाली ते निळेशार चमकतात. त्यात शिशासारखा विषारी धातू असलेलं पाणी टाकलं, की चमक विझते. (उद्या हेच रक्ताच्या थेंबावरही करता येईल, असं सर म्हणतात.) म्हणजे आमच्याकडे अंधार झाला की टाळ्या वाजवायच्या. तुझ्या भावाला हे अजून पटलेलं नाही. त्याच्या मते दिवा लागला पाहिजे, नाहीतर ते यंत्र कसलं!

गेल्या आठवड्यात हे बघायला मोठे पाहुणे आले. सर घडीसुद्धा न मोडलेला शर्ट घालून आले होते. दोन बाटल्या ठेवायच्या होत्या, एक मुद्दाम शिसं घातलेली आणि एक शुद्ध पाण्याची. शुद्ध पाण्यासाठी लॅबमध्ये अख्खं यंत्र आहे, पण तुझ्या नळापेक्षा शुद्ध काही असू शकतं हे आपल्या घरात बोलायचीसुद्धा सोय नाही. मागच्या भेटीत तू बळेच पिशवीत कोंबलेलं पाणी शिल्लक होतं. म्हटलं, पाहुण्यांना यंत्राचं काय दाखवायचं, खऱ्या घरातलं दाखवू. पहिली बाटली ओतली, चमक विझली, टाळ्या पडल्या. मग मी ऐटीत तुझं पाणी ओतलं आणि तेही विझलं. सर माझ्याकडे बघायला लागले, मी दिव्याकडे. एका पाहुण्याने वायर हलवून पाहिली. दुसरे म्हणाले, "यांना सगळंच पाणी विषारी दिसतं वाटतं." चहा न घेताच गेले सगळे. तेव्हापासून सरांच्या लेखी मी "त्या" आहे. "त्यांना म्हणावं, बाटल्या नीट धुवा."

धुतल्या. तो चमकणारा रसही नव्याने केला. यंत्राचं पाणी चमकलं, लॅबच्या नळाचं चमकलं, अगदी फुलदाणीतलं शेवाळलेलं पाणीसुद्धा चमकलं. विझलं ते फक्त तुझं. आधी मला रागच आला (आपल्या माणसावरचा आळ सहन होत नाही), मग भीती वाटली, आणि उरलेलं पाणी मी तपासणी केंद्रात देऊन आले. बाकी सगळं ठीक.

तुझी,
भिंगरी

ता. क. अहवाल आला. शिसं आहे, आणि भरपूर आहे. टाकीपासून ओट्यापर्यंतच्या त्या जुन्या शिशाच्या नळीतूनच ते उतरत असणार. आतोबांनी ती स्वतःच्या हाताने बसवली म्हणून तू तिला कुणाला हात लावू देत नाहीस, हे मला माहीत आहे. पण त्यात त्यांचा काय दोष? तेव्हा मिळाली ती सगळ्यात मजबूत नळी त्यांनी आणली. आज असते तर स्वतःच पाना घेऊन बसले असते. पाणी उकळून शिसं जात नाही. पोटदुखी आणि मुंग्याही कदाचित वयाच्या नसतील, तेव्हा रक्त तपासायचंच. शनिवारी मी प्लंबरला घेऊन येते आणि परतताना तुला घेऊन जाते. नाही म्हणू नकोस. मला तू हवी आहेस, आत्या.

ता. क. २. नळीचा एक तुकडा तुझ्यासाठी जपून ठेवू. दुसरा सरांना हवाय. अहवाल पाहिल्यापासून ते मला पुन्हा नावाने हाक मारतात आणि "तुमच्या आत्याबाई फार उपयोगी आहेत" असं कौतुकाने म्हणतात.

ता. क. ३. एवढं वाचून तुझा घसा कोरडा पडला असेल. शेजारणीकडे प्लॅस्टिकची नळी आहे, जिला तू आजवर नावं ठेवत आलीस. तिच्याकडे पाणी मागणं जिवावर येईल, तर खुशाल माझं नाव सांग. पण आधी हातातला तो तांब्या खाली ठेव.