टिंबामागचा रिपोर्ट

४ नोव्हेंबर, संध्या. ७.१०
आजपासून रोजनिशी. हेतू : मन घट्ट करणे. कंपनीच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट मेलवर आलाय. उघडलेला नाही. मेलमध्ये एकच ओळ, ‘डॉक्टरांना भेटावे’. अंबरनाथहून बदलापूरला येईपर्यंत ती वीस वेळा वाचली. माझे वडील, अण्णा, चोपन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. मला त्रेपन्न पूर्ण. घाबरलेलो नाही. फक्त जेवण गेलं नाही.

५ नोव्हेंबर
उपाय सापडला. लेक तेजस्वीने नोकरीसाठी बंगळूरला जाताना घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलं होतं. त्यात फाइलच्या नावाआधी टिंब दिलं की ती यादीत दिसत नाही. ‘रिपोर्ट’चं ‘.रिपोर्ट’ केलं. यादी दाखवणारं ls मारलं. गायब. नूतनला कळायला नको, बायकोचं बीपी लगेच वाढतं. मलाही दिसत नाही, हा जास्तीचा फायदा. ही रोजनिशीसुद्धा टिंब लावूनच. येत्या सोमवारी रिपोर्ट उघडणार. फायनल.

१० नोव्हेंबर
सोमवार. उघडणारच होतो. पण चहा बिनसाखरेचा आला, मूड गेला. नूतन म्हणाली, साखर संपलीय. डबा हलवून पाहिला, अर्धा भरलेला. भांडायचं त्राण नाही.

१३ नोव्हेंबर
सलग चौथा दिवस दुधी. वर नूतन रोज संध्याकाळी मला नदीपर्यंत चालायला नेते, तेही तरातरा. सोसायटीच्या सेक्रेटरीपदाचा ताण माझ्यावर काढतेय. समजून घेतो. परतताना छातीत धडधडलं. कुणाला बोललो नाही.

१५ नोव्हेंबर, ६.४५
ls -a मारलं. त्याने लपलेलंही दिसतं. माझ्या दोन फाइलींच्या वर दोन अनोळखी : एक नुसतं टिंब, एक दोन टिंबं. मी ठेवलेली नाहीत. पुसायला गेलो, मशीन नाही म्हणालं.

७.२०
तेजस्वीला फोन. कंपनीतल्या बबनसाठी विचारतोय असं सांगितलं. ती म्हणाली, एक टिंब म्हणजे तो फोल्डर स्वतः, दोन म्हणजे त्याच्या वरचा. ही दोन यादीत येऊ नयेत म्हणून फार पूर्वी कुणीतरी शॉर्टकट मारला, पहिलं अक्षर टिंब असेल तर सोडून द्या. त्यात टिंबवाल्या सगळ्याच फाइली लपल्या. म्हणजे हे कुलूप नाही, नुसता पडदा. -a म्हणणाऱ्या कुणालाही दिसतं. मग विचारलं, बबनकाकांची तब्येत कशी आहे. हिला बबनची एवढी काळजी कशाला?

१९ नोव्हेंबर
डाव्या दंडात कळ. सकाळी सिलिंडर उचलला होता, पण तरी. अण्णांचा चष्मा काढून बघत बसलो. मला मरायचं नाहीये. ठरलं, उद्या रिपोर्ट पुसायचा. रिपोर्टच नसेल तर आजार कशाच्या आधारावर असेल?

२० नोव्हेंबर, ६.३०
नाव टाइप करायचं म्हणजे ते वाचावं लागतं. नको. rm -r * मारलं. rm म्हणजे पुसणं, स्टार म्हणजे सगळं. ls. रिकामं. मोकळा श्वास घेतला.

६.३४
सगळं म्हणजे याच फोल्डरमधलं नूतनचंही. सोसायटीच्या मीटिंगांची मिनिट्स, इथे मांजर्लीत पुराचं पाणी भरलं तेव्हाचे फोटो. कचरापेटीतही काही नाही.

६.४०
ls -a. दोनच फाइली उरल्यात. रिपोर्ट आणि ही रोजनिशी. स्टार टिंबवाल्यांना हात लावत नाही म्हणे.

६.४२
दारात नूतनची किल्ली वाजतेय.

२१ नोव्हेंबर
काल सगळं सांगून टाकलं. रडलोही. ती शांतपणे पेन ड्राइव्ह घेऊन आली. दर रविवारी ती आख्खा फोल्डर कॉपी करते, टिंबवाल्यांसकट. तेजस्वीनेच शिकवलंय. सोसायटी पाच मिनिटांत परत आली.

रिपोर्ट तिने नऊ तारखेलाच उघडला होता. डॉक्टरांनाही दाखवून आली. शुगर वाढलीय. पथ्य करा, चाला, महिन्याने पुन्हा तपासा. हृदय ठणठणीत. हे कळेपर्यंत तीही घाबरून गेली होती. मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, तुम्हीच लिहिलं होतंत ना, नूतनला कळायला नको म्हणून.

दुधीबद्दलचंही वाचलंय. आज कारलं आहे.

या फाइलीचं टिंब काढून टाकलं. रविवारी नूतनला ती शोधत बसावी लागायला नको.