मंगळवारचं चर्च

चिचगड, २ मार्च २०२५

चि. रुचीस, जय सेवा. आशीर्वाद वि. वि.

फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुझ्या दादाचा, लीलाधरचा, फोन तू उचलत नाहीस. म्हणून कागद. तुझ्या आईला जाऊन चार महिने झाले. तिच्या नावाने उभा करायला आणलेला दगड अजून आवारात आडवा पडून आहे. जंगलातून आणायला आठ माणसं लागली. ती आता रस्त्यात अडवून विचारतात, की उभा करायचा नव्हता तर आणला कायले.

उभा करताना हळद रुचीनेच लावावी, असं ती बोलून गेली. मी थांबून राहिलो ते तिच्या शब्दासाठी. मे महिन्यात सगळं गाव तेंदूपत्ता तोडायला जाईल, मग दगड उचलायला माणूस मिळणार नाही. मागच्या तीन पत्रांत तारीख विचारली. तू बर्फाबद्दल लिहिलंस. या वेळी फक्त तारीख लिही.

लोभ आहेच. सध्या रागही आहे.
बाबा

लिंकनशायर, इंग्लंड, १९ मार्च २०२५

ती. बाबांना, जय सेवा. सा. न. वि. वि.

रजा अजून मंजूर नाही. वृद्धाश्रमात नर्स कमी आहेत, रविवार सोडला तर एक दिवस मोकळा मिळत नाही.

काल सकाळी एका खेड्यातलं चर्च पाहिलं. आठशे वर्षांचं. दार इतकं बुटकं की दादाला वाकावं लागेल. आत एक म्हातारी पितळी दिवे घासत होती, बाकी कोणी नाही. खाली दगडी फरशा, आणि त्यांच्याखाली पुरलेली माणसं. वर नावं कोरलेली. लोक बूट घालून त्यावरून चालतात. मी बूट दाराशी काढले आणि भिंतीच्या कडेकडेने गेले. म्हातारीला वाटलं मला चक्कर आली. तिने खुर्ची आणली, पाणी आणलं. आमच्याकडे गेलेल्या माणसाचा दगड उभा असतो, त्यावर पाय पडत नाही, असं मी सांगितलं. ती म्हणाली, या लोकांनी ही जागा हट्टाने मागून घेतली होती, येणाऱ्याजाणाऱ्याची सोबत असावी म्हणून. एका फरशीवर नवऱ्याचं नाव शाबूत होतं, बायकोचं झिजून गेलेलं. तिच्याजवळ बराच वेळ उभी राहिले.

दादाला म्हणावं, रागावू नकोस. तुमचा राग चालेल.
रुची

चिचगड, २ एप्रिल २०२५

चि. रुचीस, जय सेवा.

तुझं पत्र बुधवारचं आहे. म्हणजे चर्च मंगळवारी पाहिलंस. रविवारशिवाय सुटी नसलेली बाई मंगळवारी सकाळी चर्च पाहून राहिली. मी तीस वर्षं वनखात्यात मजुरांची हजेरी घेतली आहे, बेटा.

लीलाधर म्हणतो, तिला आता आपलं काही नको, दगडाऐवजी सिमेंटचा ओटा बांधू, टाइल लावू, मोकळे होऊ. टाइल घेऊनही आला. मी त्याला गप्प केलं, पण तू काऊन येत नाहीस हे मलाही सांगता आलं नाही. परक्यांच्या मेलेल्यांसाठी बूट काढतेस. इथे आईच्या दगडावर बकऱ्या बसतात. खरं लिही, नाही तर लिहू नको.

बाबा

लिंकनशायर, १४ एप्रिल २०२५

ती. बाबांना, सा. न. वि. वि.

रजा जानेवारीतच मंजूर झाली होती. मार्चचे तीन आठवडे. तिकीटही काढलं होतं, ते वाया जाऊ दिलं. खोलीत बसवत नव्हतं, म्हणून रोज बसने जाऊन एकेक चर्च पाहिलं.

दिवाळीत आईला धाप लागत होती. दादा तिला गोंदियाला दवाखान्यात नेणार होता. मी फोनवर म्हटलं, डिसेंबरमध्ये मी येते, मीच नेते. मी नर्स. सगळ्यांनी माझं ऐकलं आणि ती थांबली. आता हळद मी कोणत्या तोंडाने लावू? दादाने टाइल लावली तरी माझी तक्रार नाही.

जमलं तर माया ठेवा.
रुची

चिचगड, २७ एप्रिल २०२५

चि. रुचीस, जय सेवा. आशीर्वाद.

तुझी आई कोणाचं ऐकत होती, ते आधी मला सांग. त्या दिवशी लीलाधरने गाडी दारात आणली होती. धान घरात आल्याशिवाय हलणार नाही असं म्हणून तिने ती परत पाठवली. तुझा फोन आला तेव्हा गाडी कोहमाऱ्याच्या पुढे गेली होती. मग तुझं नाव तिला आयतं मिळालं. जो येईल त्याला सांगत सुटली, की पोरगी येणार आहे, ती नेणार आहे. मी चाळीस वर्षं तिच्याशी भांडलो, एकदाही जिंकलो नाही. तू एका फोनवर तिला थांबवलंस म्हणतेस.

टाइल दुकानात परत गेल्या. तेंदूपत्ता आटोपला की एक जूनला माणसं येणार आहेत, मी बोलून ठेवलं. रजा नसेल तर माग. आदल्या दिवशी जेवायला ये.

बाकी भेटल्यावर.
बाबा